अहो, ऐकलंत का?

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. या सत्तेचाळीस वर्षांत आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य म्हणजे "अहो, ऐकलंत का?" दिसायला हा प्रश्न आहे, पण त्याला उत्तराची अपेक्षा नसते. म्हणून मी वर्तमानपत्रातून मान वर न करता "हं" म्हणतो. या "हं"वर माझा संसार उभा आहे. पुढे भाजी संपल्याची, नळ गळत असल्याची, समोरच्यांच्या मुलीचं जमल्याची बातमी येते. ती माझ्या एका कानात शिरते आणि दुसऱ्या कानापर्यंत पोचायचेसुद्धा कष्ट घेत नाही.

अशा माणसानं ऐकण्याच्या कलेवर समीक्षा लिहावी हा विनोदच आहे. पण दोष माझा नाही, नातवाचा आहे. "आजोबा, तुम्हाला रेडिओ आवडायचा ना?" असं म्हणत त्यानं माझ्या मोबाइलवर जुनी अमेरिकन नभोनाट्यं भरून दिली आणि कानात घालायला दोन बोंडं दिली. नाट्यं सगळी भयाची. १९३० पासून पुढची वीस-पंचवीस वर्षं, टेलिव्हिजननं घरात पाय ठेवेपर्यंतचा तो काळ. तिकडचे लोक त्याला रेडिओचं सुवर्णयुग म्हणतात. "आधीच ऐकू येत नाही, त्यात आता कानात बोळे," असा अभिप्राय स्वयंपाकघरातून आला. तो मला ऐकू आला नाही, असं मी दाखवलं.

गेले दोन महिने रात्री साडेदहाला दिवा मालवून मी भुतं ऐकतो. बाहेर ठाण्याची वाहतूक चालू असते, आत शिकागोचं मढं उठून बसलेलं असतं.

आमच्या पिढीला रेडिओचं कौतुक सांगायला नको. मुंबई केंद्रावरच्या 'प्रपंच'मधले टेकाडे भावजी आम्ही कधी पाहिले नव्हते, पण ते कसे दिसतात याविषयी आमच्या घरात दोन तट होते. वडिलांच्या मते ते त्यांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखे होते, आईच्या मते थेट तिच्या मधल्या दिरासारखे. दोघंही खरे होते. आवाज चित्र काढत नाही, काढायला लावतो. रंग आपल्या घरचे, कागदही आपलाच.

भीतीच्या बाबतीत तर हा हिशेब फारच चोख आहे. सिनेमातलं भूत दिग्दर्शकाच्या पसंतीचं असतं. ते लांब नखांचं आणि पांढऱ्या पातळातलं असतं आणि फार वेळ समोर उभं राहिलं की त्याचा मेकअप दिसायला लागतो. रेडिओवरचं भूत मात्र ऐकणाऱ्याच्या मापाचं शिवलेलं असतं. एका नाटकात नुसतं एक दार करकरलं. ते दार अमेरिकेतल्या कुठल्याशा हवेलीचं होतं म्हणे. मला दिसलं ते आमच्या आजोळचं बाळंतिणीच्या खोलीचं दार, वरच्या कडीसकट.

हे करकरणारं दार म्हणजे त्या काळातली एक बडी असामीच होती. 'इनर सँक्टम मिस्टरीज' हा कार्यक्रम १९४१ साली सुरू झाला तो या दारासकट. दार उघडायचं आणि रेमंड नावाचा निवेदक आत बोलावून प्रेतांवर कोट्या करायचा. तो आवाज मुळात दाराचा नव्हताच, गंजलेल्या फिरत्या खुर्चीचा होता, असं सांगतात. म्हणजे भुतांच्या धंद्यातही पाटी एकाची आणि माल दुसऱ्याचा. काही वर्षं या कार्यक्रमाचा खर्च लिप्टन चहावाले करत. त्यामुळे मुडदा पडला रे पडला की एक गोड आवाजाची बाई येऊन चहाची महती सांगते. मला हे मुळीच खटकलं नाही. आपल्याकडेही समाचाराला गेलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

त्याच्याही आधीचा 'लाइट्स आउट'. हा १९३४ साली शिकागोत विलिस कूपर नावाच्या लेखकानं सुरू केला. वेळ मध्यरात्रीची, शेजारधर्म पूर्ण विसरून. या मंडळींचं सगळं भांडवल आवाजाचं आणि ते आवाज मिळायचे स्वयंपाकघरात. मुंडकं उडवायचं असेल तर मायक्रोफोनजवळ कोबीचा गड्डा फोडायचा. विजेच्या खुर्चीत गुन्हेगार भाजायचा असेल तर तव्यावर डुकराच्या मांसाचे काप चुरचुरवायचे. ही माहिती ज्या दिवशी वाचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कोबीची भाजी होती. पहिला सुरा पडला आणि माझ्या हातातला कप हिंदकळला. "भाजी चिरायला मदत करायची नसेल तर नका करू," सौभाग्यवती म्हणाली, "पण दचकता कशाला?"

पुढे १९३६ साली हा कार्यक्रम आर्च ओबोलर या लेखकाकडे गेला. त्याचं १९३७ सालचं कोंबडीच्या काळजाचं नाटक तिकडे दंतकथा होऊन बसलं आहे. प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेलं कोंबडीचं काळीज वाढत सुटतं, आधी खोली गिळतं, मग गाव गिळतं, मग जग. धडधड, धडधड! कल्पना म्हणून थोर. पण खरं सांगू? माझ्या शाकाहारी मनाला जग बुडाल्याचं दुःख झालं नाही. जग बुडतं तेव्हा आपण एकटे थोडेच बुडत असतो! सगळी बिल्डिंगच बुडणार म्हटल्यावर माणूस निवांत असतो. त्याला भीती वाटते ती फक्त त्याचा एकट्याचा मजला बुडाला तर.

याच विलिस कूपरनं पुढे १९४८ साली 'क्वाएट, प्लीज' या कार्यक्रमासाठी तेलविहिरीवरचं एक नाटक लिहिलं. त्यात खोल जमिनीतून वर आलेलं एक न दिसणारं काहीतरी लहान मुलासारखं रडतं. गोष्ट सांगणारा माणूस ती आपल्याला घरी आलेला पाहुणा समजून सांगत असतो आणि शेवटी आतल्या खोलीतल्या बायकोला बाहेर बोलावतो. बायको कोण, हे तोवर आपल्या लक्षात आलेलं असतं, पण पाहुण्याला आता उठता येत नाही. हे नाटक मी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा दिवा लावून.

पण दार काय, कोबी काय, ही सगळी भीती एका रात्रीपुरती असते. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली की संपते. सकाळीही न संपलेलं नाटक मला एकच भेटलं, आणि गंमत म्हणजे त्यात भूत नाही. त्यात फक्त एक आजारी बाई आहे आणि एक टेलिफोन.

नाटकाचं नाव 'सॉरी, राँग नंबर'. लेखिका ल्यूसिल फ्लेचर. 'सस्पेन्स' नावाचा कार्यक्रम सीबीएस रेडिओवर १९४२ पासून १९६२ पर्यंत चालला, त्यात हे २५ मे १९४३ रोजी पहिल्यांदा सादर झालं. बाईचं काम ॲग्नेस मूरहेडनं केलं होतं. गोष्ट अशी. न्यूयॉर्कमधली मिसेस स्टीव्हन्सन अंथरुणाला खिळलेली आहे. रात्रीची वेळ, घरात ती एकटी. नवऱ्याच्या ऑफिसचा फोन मघापासून एंगेज लागतोय. ती ऑपरेटरला जोडून द्यायला सांगते आणि क्रॉस कनेक्शन लागतं. दोन पुरुष बोलताहेत. आज रात्री सव्वाअकराला एका बाईचा खून करायचा आहे. पुलावरून गाडी जाईल, तिच्या धडधडाटात किंकाळी ऐकू जाणार नाही.

क्रॉस कनेक्शन म्हणजे काय, हे आमच्या पिढीला समजावून सांगायला नको. आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात एकच फोन होता आणि त्यावर आपल्या माणसापेक्षा दुसऱ्यांचीच माणसं जास्त भेटत. एकदा मी मामाला फोन लावायला गेलो आणि कुणाच्या तरी हुंड्याची बोलणी शेवटपर्यंत ऐकून आलो. रक्कम मला जास्त वाटली, पण मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

मिसेस स्टीव्हन्सन मात्र मध्ये बोलते. ती ऑपरेटरला सांगते, मुख्य ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते. कोणी तिला हाकलत नाही. सगळे अदबीनं वागतात. ऑपरेटरचा नियम असतो, तो ती सांगते. पोलिस सार्जंटचं म्हणणं असं की शहर मोठं आहे, पूल पुष्कळ आहेत, एवढ्याशा माहितीवर काय करणार? इस्पितळाचं म्हणणं असं की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी नर्स पाठवता येणार नाही. प्रत्येकाचं म्हणणं रास्त आहे. आयुष्यात ज्यांनी कधी सरकारी खिडकीसमोर उभं राहून "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकलं आहे, त्यांना या नाटकातली भीती कुठून येते ते लगेच कळेल. नाटकातल्या खुन्याला सुरी लागते. बाकीच्या मंडळींचं काम नुसत्या सभ्यपणावर भागतं.

हे नाटक रेडिओवरच का शोभतं, हेही सांगितलं पाहिजे. टेलिफोन आणि रेडिओ ही एकाच घरातली भावंडं. दोघांनाही तोंड आहे, चेहरा नाही. नाटकभर आपण त्या बाईच्या कानाला कान लावून बसलेले असतो. डायल फिरल्याचा खरखराट, एंगेजचा तो टूं टूं, लांबची गाडी, एवढंच तिला ऐकू येतं आणि तेवढंच आपल्याला. कार्यक्रम अर्ध्या तासाचा आणि सव्वाअकराही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. घड्याळ तिचं आणि आपलं एकच चालतं. त्यात नवऱ्याची तार येते, आज घरी येत नाही, कामासाठी बोस्टनला चाललोय म्हणून. लेखिका त्यावर एक अक्षर बोलत नाही. काय समजायचं ते आपण समजतो, आणि त्या क्षणापासून आपल्याला बाईपेक्षा जास्त माहीत असतं. शेवटी पुलावरून गाडी जाते. मग खाली पडलेल्या फोनमधून पोलिसांचा आवाज येतो आणि खुनी अगदी नम्रपणे राँग नंबर लागल्याचं सांगून फोन ठेवतो.

पहिल्या प्रयोगात म्हणे याच जागी नटांच्या संवादाची वेळ चुकली आणि नक्की काय झालं ते काही श्रोत्यांना कळलंच नाही. पुढच्या आठवड्यात तसा खुलासा करावा लागला. राँग नंबरवरच्या नाटकाचाच नंबर चुकला! पण नाटक इतकं गाजलं की मूरहेडबाईंना ते १९६० पर्यंत रेडिओवर पुन्हा पुन्हा करावं लागलं. १९४८ साली सिनेमाही निघाला, पटकथा फ्लेचरचीच, बाईच्या कामात बार्बरा स्टॅनविक. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते योग्यच होतं. पण नाटकातला अर्धा तास दीड तासाचा करायचा म्हणजे गोष्टीला मागे न्यावं लागतं, लग्न कसं जमलं, नवरा कसा अडकला, हे सगळं दाखवावं लागतं. सगळं समजावून सांगितलं की भीतीची पोलिसकेस होते. केस समजते, पण रात्रीची झोप लागते.

आता खरा मुद्दा. ही मिसेस स्टीव्हन्सन अत्यंत त्रासदायक बाई आहे. ती कुरकुरते, हुकूम सोडते, आपल्या दुखण्याचा पाढा वाचते, ऑपरेटरवर खेकसते. फ्लेचरला ही बाई एका दुकानात सापडली, असं सांगतात. तिचं मूल आजारी होतं, ती घाईघाईनं दूध आणायला गेली होती, आणि तिथे एक श्रीमंत कुरकुरी म्हातारी तिच्यावर घसरली. त्या रागाचं हे नाटक झालं. तो राग नाटकात दिसतो. लेखिकेनं या बाईला एक वाक्यसुद्धा प्रेमाचं दिलेलं नाही, आणि नाटकातला मला दिसलेला दोष असेल तर तो हाच. लेखकानं पात्राचा जीव खुशाल घ्यावा, पण तिच्यावर सूड घेऊ नये.

तो दोष भरून काढते ती मूरहेड. ती आवाजातली कुरकुर जराही कमी करत नाही, श्रोत्याला खूश करायला जात नाही. पण जसजसा वेळ सरतो तसतसं त्या कुरकुरीखालून काहीतरी दुसरं ऐकू यायला लागतं. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या लहान पोराचा असतो तसा आवाज. मग कळतं, ही बाई कुरकुरत नव्हती, ही आयुष्यभर घाबरलेलीच होती. घाबरलेलं माणूस गोड कसं बोलणार? पण हे कळायला मला वीस मिनिटं लागली. तोवर मी काय करत होतो? अंधारात पडल्यापडल्या पुटपुटत होतो, "बाई, जरा गप्प बसा हो!"

म्हणजे ऑपरेटर, सार्जंट, इस्पितळ आणि मी. त्या रात्री तिचं न ऐकणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा होतो.

कानातली बोंडं काढली. खोली शांत होती. आणि मला ठण् ठण् असा आवाज आला. खराखुरा नव्हे. १९७८ सालचा.

त्या वर्षी आमची माईआत्या आमच्याकडे होती. मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. आमचं लग्न नुकतंच झालेलं, जागा दोन खोल्यांची. तिचा लोखंडी पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी. तिला काही हवं असलं की ती फुलपात्र पलंगाच्या दांडीवर आपटायची. ठण् ठण्, "विनू, अरे विनू!" पाणी हवंय. पंखा बंद कर. पंखा का बंद केलास? जिन्यात कोण आहे? रात्री दोनला, तीनला. आमच्याइतकी ती सगळ्या चाळीला ऐकू जायची. एकदा तिनं घरात चोर शिरल्याचं सांगितलं, तो मीच होतो.

एका रात्री तिनं सांगितलं, "गॅसचा वास येतोय." मी उठून पाहिलं. मला काही वास आला नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा ठण् ठण्, "विनू, वास येतोय रे." मी पडल्यापडल्या "हं" म्हटलं. तिसऱ्या रात्री कूस बदलली. आत्याला वास यायचेच. चवथ्या दिवशी सिलिंडर बदलायला आलेल्या माणसानं रबरी नळी हातात धरून दाखवली. उंदरानं कुरतडलेली. "नशीब तुमचं," एवढंच तो म्हणाला.

काही झालं नाही. नळी बदलली, नऊ रुपये की काय ते लागले. आत्या पुढे वर्षभर होती, फुलपात्र वाजवत. पण "आत्या, तुझं बरोबर होतं," हे चार शब्द मी तिला सांगितले नाहीत. आज सांगतो, उद्या सांगतो, असंही नाही. सांगायला हवं, हेच डोक्यात आलं नाही. ते आलं सेहेचाळीस वर्षांनी, न्यूयॉर्कमार्गे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी चहाला बसलो, वर्तमानपत्र समोर तसंच घडी केलेलं. आतून आवाज आला, "अहो, ऐकलंत का?"

मी म्हटलं, "काय?"

आत भांडं खाली पडल्याचा आवाज झाला. सौभाग्यवती हात पुसत बाहेर आली. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. तू काय सांगत होतीस?"

"विसरले," ती म्हणाली. "तुम्ही मध्येच 'काय' म्हणालात ना."

मग मी तिला ते नाटक सांगितलं, ती बाई, तो सार्जंट, ती गाडी. नंतर गॅसच्या नळीचं बोललो. म्हटलं, "म्हातारीचं बरोबर होतं, पण आपण कुणी तिला तसं कधी सांगितलं नाही. ती तशीच गेली."

ती चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, मी सांगितलं होतं की! त्याच संध्याकाळी. वेणी घालताना. 'आत्या, तुमच्यामुळे वाचलो,' म्हटलं. केवढ्या खूश झाल्या! दोनदा सांगायला लावलं माझ्याकडून. रात्रभर फुलपात्र वाजवलं नाही." कप उचलून ती आत जायला निघाली आणि दारात थांबली. "तुम्हालाही सांगितलं होतं तेव्हा. तुम्ही 'हं' म्हणालात."